स्पर्शाची परीक्षा : पिकांवरील विषाणू आणि एका संशोधकाची वाटचाल

आपल्या चळवळीत विज्ञाननिष्ठा हा शब्द वारंवार येतो. भाषणांत येतो, ठरावांत येतो, संपादकीयांत येतो. पण विज्ञान हे प्रत्यक्षात कसले काम असते, वैज्ञानिक सकाळी उठून काय करतो, वीसवीस वर्षे एका प्रश्नामागे लागून त्याच्या हाती काय पडते, ह्याविषयी आपल्या पानांवर फारसे लिहिले गेलेले नाही. विज्ञान आपल्याकडे बहुधा अंधश्रद्धेविरुद्ध उगारलेली काठी म्हणून येते. काठीची गरज आहे. ती मी नाकारीत नाही. परंतु ज्या रीतीने विज्ञान एखादी गोष्ट खरी की खोटी ठरविते ती रीत आपल्या कार्यकर्त्याच्या हाती आली नाही, तर काठी तेवढी उरते आणि ती कोणीही कुणावरही उगारू शकतो.

किनवटसारख्या ठिकाणी विज्ञान शिकविताना मला ही उणीव सतत जाणवत आली आहे. समोरची मुले बौद्ध वस्तीतली, तांड्यावरची, गोंड-कोलामांच्या पाड्यांतली. त्यांना गॅलिलिओ आणि न्यूटन पाठ असतात, पण त्यांची आई ज्या तुरीत निंदते त्या तुरीच्या पानावर काय चालले आहे हे त्यांच्या पुस्तकात नसते. म्हणून मी येथे एका अगदी जवळच्या विषयावर लिहीत आहे. पिकांवर पडणारे विषाणूजन्य रोग, आणि आपल्याच राज्यात, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या आवारात ह्या रोगांचा माग काढण्यात हयात घालविणारे संशोधक एस. पी. कपूर. कपूरांचे आयुष्य मला सांगावयाचे नाही. त्यांनी पिकाला कोणते प्रश्न विचारले आणि ते कोणत्या क्रमाने विचारले, एवढेच सांगावयाचे आहे. त्या प्रश्नांत आपल्या कामाचे पुष्कळ आहे असे मला वाटते.

आधी विषाणू म्हणजे काय ते पाहू. 1886 साली हॉलंडमध्ये अडोल्फ मायर ह्या संशोधकाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस काढून तो निरोगी रोपात टोचला आणि रोग त्या रोपात उतरला. 1892 साली रशियात दिमित्री इवानोव्स्की ह्याने तोच रस जंतूसुद्धा अडकून राहतील अशा बारीक गाळणीतून गाळला. तरीही रोग झाला. 1898 साली बायरिंक ह्याने सांगितले की, हा कारक जंतू नाही, आणि तो जिवंत पेशीतच वाढतो. पुढे 1935 मध्ये अमेरिकेत स्टॅन्ले ह्याने ह्या कारकाचे स्फटिक मिळविले आणि 1939 मध्ये जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंबाखूचा विषाणू प्रथम दिसला : एक सरळ काडी, लांबी मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढी. म्हणजे मानवाला ज्ञात झालेला पहिला विषाणू माणसाचा नव्हे, एका पिकाचा होता. शेतात राबणाऱ्यांच्या वंशजांनी हे ध्यानात ठेवावे.

झाडाच्या विषाणूचे एक वैशिष्ट्य असे की, तो स्वतः होऊन झाडात शिरू शकत नाही. झाडाच्या पेशीला टणक भिंत असते. ती कुठेतरी फुटावी लागते, किंवा कुणीतरी सोंड खुपसून त्याला आत सोडावे लागते. आणि एकदा आत शिरला की त्याच्यावर औषध नाही. बुरशीवर औषध आहे, किडीवर आहे. विषाणू लागलेले झाड शेतात बरे करता येत नाही. म्हणून विषाणूच्या संशोधकापुढचा मुख्य प्रश्न, रोग बरा कसा करावा, हा नसतोच. त्याच्यापुढचा प्रश्न असतो : हा रोग एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? स्पर्शाने? बियाण्यातून? वाऱ्याने? की कुणाच्या तोंडातून?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. कुणाच्या स्पर्शाने काय जाते, ह्या एका प्रश्नावर ह्या देशाची समाजव्यवस्था उभी राहिली. फरक इतकाच की, व्यवस्थेने उत्तर आधी ठरविले आणि परीक्षा कधी घेतलीच नाही.

पुण्यात ही परीक्षा कशी घेतली गेली ते आता पाहू. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे पान पिवळे होते, फळ पांढुरके, कडक आणि वाकडे निघते. आपल्याकडे ह्याला हळद्या म्हणतात, कुणी केवडा म्हणतात. मुंबई इलाख्यातील ह्या रोगाची नोंद जी. एस. कुलकर्णी ह्यांनी 1924 साली केली होती. 1940 साली उप्पल, वर्मा आणि कपूर ह्या तिघांनी तो विषाणूजन्य असल्याचे 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ह्यांपैकी उप्पल हे मुंबई सरकारचे वनस्पतिरोगतज्ज्ञ. वर्मा आणि कपूर ही जोडी पुढे वर्षानुवर्षे एकत्र काम करीत राहिली.

त्यांच्या कामाची रीत अशी. रोगट पान वाटून त्याचा रस काढावयाचा. निरोगी रोपाच्या पानावर बारीक खरखरीत भुकटी भुरभुरून तो रस बोटाने हलकेच चोळावयाचा. भुकटीमुळे पानाला डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात, विषाणू जाणारा असेल तर त्यांतून जातो. दुसरी परीक्षा बियाण्याची : रोगट झाडाचे बी पेरून रोपे निरोगी येतात की रोगट, हे पाहावयाचे. तिसरी कलमाची : रोगट फांदी निरोगी झाडावर बांधावयाची. चौथी किड्यांची, आणि ही सर्वांत कष्टाची. निरोगी झाडावर वाढविलेले निरोगी किडे घ्यावयाचे, त्यांना रोगट झाडावर काही तास सोडावयाचे, मग उचलून निरोगी रोपावर ठेवावयाचे आणि ते रोप जाळीच्या पिंजऱ्यात झाकून दिवस मोजीत बसावयाचे.

आणि ह्या सगळ्यांबरोबर एक गोष्ट, जिच्याशिवाय ही सारी मेहनत फुकट जाते. जितकी रोपे रोगट रसाने चोळली तितकीच रोपे साध्या पाण्याने किंवा निरोगी पानाच्या रसाने चोळावयाची. जितक्या रोपांवर रोगट झाडावरून आलेले किडे सोडले तितक्याच रोपांवर निरोगी किडे सोडावयाचे. बाकी माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. ह्यांना तुलनेची रोपे म्हणतात. तुलनेची रोपेही आजारी पडली तर संशोधकाने आपला निष्कर्ष गुंडाळून ठेवावयाचा. मी वर्गात हा भाग शिकवितो तेव्हा मुद्दाम थांबतो. मुलांना विचारतो की, आपल्या आजोबांच्या स्पर्शाने विहीर बाटते असे म्हणणाऱ्यांनी तुलनेची विहीर कोणती ठेवली होती? वर्गात हशा होतो. मग काही वेळ कुणी हसत नाही.

भेंडीच्या बाबतीत उत्तर असे आले : रस चोळून रोग जात नाही. बियाण्यातून जात नाही. कलमाने जातो, आणि शेतात तो नेते पांढरी माशी, एक मिलिमीटरभर लांबीची, पानाच्या खालच्या बाजूला बसणारी. वर्मा ह्यांनी विषाणू आणि ही माशी ह्यांच्या संबंधाचा सविस्तर अभ्यास 1952 साली प्रसिद्ध केला. माशीच्या अंगात विषाणू एकदा गेला की तो बराच काळ, बहुधा ती जिवंत असेपर्यंत, तिच्याबरोबर राहतो.

पण म्हणून सगळ्या पिकांवरचे सगळे रोग माशीने जातात, असा नियम काढता आला नाही. 1948 साली कपूर आणि वर्मा ह्यांनी वालाच्या एका नव्या विषाणूरोगाचे वर्णन केले. त्यात पानाच्या खालच्या बाजूवर उंचवटे येतात. हा रोग रस चोळला की लगेच जातो. ह्याला किड्याची गरज नाही. त्याच वर्षी त्यांनी पपईवरच्या मोझॅकचे वर्णन केले. अशा रोगांत मावा रोगट पानात क्षणभर सोंड घालतो, दुसऱ्या झाडावर बसतो आणि तिथे रोग ठेवून जातो, पण थोड्या वेळाने त्याच माव्याच्या सोंडेत काही उरत नाही. वेलदोड्यावरच्या, कानडी मुलखात 'कट्टे' म्हणतात त्या रोगाची नोंद उप्पल, वर्मा, कपूर ह्यांनी 1945 साली केली; उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. तो रोग केळीवरचा मावा नेतो हे वर्मा आणि कपूर ह्यांनी 1958 साली मांडले.

म्हणजे स्पर्शाने काय जाते ह्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. वालाला जाते, भेंडीला जात नाही. तंबाखूचा विषाणू तर माणसाच्या हातानेही जातो. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोचे रोप हाताळले तर त्याला रोग होऊ शकतो. म्हणून रोपवाटिकेत हात साबणाने धुवून मगच रोपाला हात लावावा असे सांगतात. स्पर्शाने रोग जातो तो असा. आणि तो मालकाच्या हाताने जितका जातो तितकाच मजुराच्या हाताने जातो. विषाणूला हात तेवढा कळतो.

ह्या टप्प्यावर एक गोष्ट नोंदविली पाहिजे. शोधनिबंधावर दोन किंवा तीन नावे छापलेली असतात. रोपांना पाणी घालणारा, पिंजरे धुणारा, माशा मोजताना भिंग धरून उभा राहणारा, ह्यांची नावे कुठल्याही देशातल्या शोधनिबंधावर सहसा नसतात. मी कपूर-वर्मांना दोष देत नाही. ती रीतच तशी आहे. परंतु ज्ञान कुणाच्या हातांतून तयार होते आणि कुणाच्या नावावर जमा होते, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन संपत नाही.

भेंडीची गोष्ट पुढे मराठवाड्यात आली, आणि ती आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 'पुसा सावनी' हा वाण 1950 च्या दशकात घडविला गेला. हळद्याला तोंड देणारा म्हणून तो देशभर पसरला. काही वर्षांनी त्याची ती ताकद ढासळली आणि पुन्हा शेते पिवळी पडू लागली. 1972 साली परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर ह्यांनी शुद्ध भेंडीच्या गोतातच उपाय शोधीत बसण्याऐवजी भेंडीच्या एका जंगली भावंडाकडे, मॅनिहॉट ह्या जातीकडे वळण्याचे ठरविले. तिचा पुसा सावनीशी संकर केला. दोन वेगळ्या जातींचा संकर सहजासहजी सुपीक निघत नाही. पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर करीत, पिढ्यान्पिढ्या निवड करीत त्यांनी वाण स्थिर केला. ह्या प्रतिकारशक्तीमागे एकच प्रभावी जनुक आहे असे त्यांनी 1981 साली दाखविले, आणि 1986 साली 'परभणी क्रांती' ह्या वाणाचे वर्णन प्रसिद्ध केले. किनवटच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांच्या तोंडीसुद्धा हे नाव होते. वाण म्हणून नव्हे, भेंडीचेच दुसरे नाव म्हणून.

संकराला ज्या परंपरेने कुलक्षयाचे कारण मानले, त्या परंपरेच्या देशात एक पीक संकराने तगले. ह्यावर मी अधिक भाष्य करीत नाही. मात्र वस्तुस्थिती पूर्ण सांगितली पाहिजे : परभणी क्रांतीचीही ताकद पुढे अनेक ठिकाणी कमी झाली. विषाणू बदलतो. 2003 साली मदुराईच्या जोस आणि उषा ह्यांनी दाखविले की, भेंडीच्या हळद्यात मुख्य विषाणूबरोबर एक छोटा साथीदार रेणू असतो, आणि दोघे मिळून आले तरच रोगाची खरी लक्षणे उमटतात. 1940 साली जे एक वाटले ते दोन निघाले.

आता तुरीकडे येतो. हा विषय माझ्या मुलखाचा आहे.

किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता; राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. त्यामुळे पुण्यातले हे संशोधन चालू होते तेव्हा आम्ही दुसऱ्याच राज्यात होतो. पण तूर तीच होती. इकडे कापसात किंवा ज्वारीत तुरीचे तास घालतात. पेरले तेव्हा सगळी रोपे सारखीच. पण दिवाळीनंतर शेत फुलावर येते तेव्हा काही झाडे नुसतीच हिरवी दिसतात. पाने लहान, त्यांवर फिकट आणि गर्द हिरव्याचे चट्टे, झाड झुडपासारखे दाट, आणि फूल नाही. फूल नाही म्हणून शेंग नाही. ह्या रोगाला मराठीत वांझ रोग म्हणतात. शेतकी खात्याच्या पत्रकातही हाच शब्द छापलेला असतो.

मला हा शब्द खुपतो. ज्या बाईला मूल होत नाही तिला गाव ज्या शब्दाने दूर ठेवते, तोच शब्द झाडाला दिला. जणू झाडातच खोट आहे! झाडात खोट नसते. बाहेरून आलेल्या एका कारकाने त्याचे फूल रोखलेले असते. दवाखान्यात तपासणीला नेहमी आधी बाईलाच पाठविले जाते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शास्त्राने झाडाला तरी तपासणीची संधी दिली, आणि त्या तपासणीला किती वर्षे लागली ते पाहण्यासारखे आहे.

तुरीचा हा रोग 1931 साली बिहारमधील पुसा येथून मित्रा ह्यांनी प्रथम नोंदविला. 1952 साली कपूर ह्यांनी मुंबई राज्यातील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. कलमाने हा रोग जातो, म्हणजे तो संसर्गाचाच आहे, जमिनीचा किंवा खताचा दोष नव्हे, ही गोष्ट त्या कामामुळे पक्की झाली. पण शेतात कुणी कलमे बांधीत नाही. मग शेतात तो कोण नेतो? रस चोळून जात नव्हता; बियाण्यातून जात नव्हता. पांढरी माशी नाही, मावा नाही, तुडतुडे नाहीत. उत्तर 1962 साली सेठ ह्यांनी दिले : एक कोळी. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, चार पायांचा, पंख नसलेला. तो तुरीच्या पानाच्या खालच्या बाजूला राहतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन शेतामागून शेत ओलांडतो.

नेणारा सापडला, पण ज्याला तो नेतो तो विषाणू कुणालाच दिसेना. आमच्यापासून फार दूर नव्हे, हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथे नेने आणि रेड्डी ह्यांनी 1976 साली एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. हजारो वाणांतून रोगाला तोंड देणारे वाण निवडायचे तर प्रत्येक रोपावर कोळी सोडावे लागतात. पण डोळ्यांना न दिसणारे कोळी उचलायचे कसे? त्यांनी कार्यालयात कागद टाचायचे जे यंत्र असते ते घेतले आणि रोगट पान निरोगी रोपाच्या पानावर टाचून टाकले. टाचलेले पान सुकू लागले की कोळी आपण होऊन ताज्या पानावर चालत जातात. लाखो रुपयांच्या यंत्रांइतकेच हे टाचणयंत्र शास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले पाहिजे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. आपल्या शाळांत प्रयोगशाळा नाही ही तक्रार खरी आहे. पण टाचणयंत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर असतेच.

ह्या युक्तीमुळे विषाणू न पाहताच त्याला तोंड देणारे वाण निवडता येऊ लागले. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेले बीएसएमआर-736 आणि बीएसएमआर-853 हे वाण मराठवाड्याच्या शेतकऱ्याला परिचित आहेत. पहिल्याची तूर लाल, दुसऱ्याची पांढरी. त्या नावातली अक्षरे म्हणजे बदनापूर आणि वांझ रोगाला प्रतिकार, एवढेच. लातूरच्या डाळगिरण्यांत जाणारी तूर ह्या वाणांनी पुष्कळ सावरली.

विषाणू स्वतः मात्र 2003 सालापर्यंत हाती लागला नाही. पी. लावा कुमार, स्कॉटलंडचे ए. टी. जोन्स आणि डी. व्ही. आर. रेड्डी ह्यांनी तेव्हा त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे जनुकद्रव्य एका तुकड्यात नसून अनेक तुकड्यांत विभागलेले होते, आणि तोवर ज्ञात असलेल्या कुठल्याच गटात तो नीट बसत नव्हता. पुढे संशोधकांना तुरीच्या ह्या रोगात एक नव्हे, दोन विषाणू आढळले. 1931 ते 2003 : बहात्तर वर्षे. ह्या बहात्तर वर्षांत रोग होता, नुकसान होते, वाहक सापडला होता, उपायही सापडला होता. फक्त आरोपीचे तोंड कुणी पाहिले नव्हते. कपूरांनी 1952 साली जे विधान केले ते त्यांनी विषाणू न पाहता केले, आणि ते टिकले.

कपूरांच्याच कामात ह्याच्या उलट घडल्याचे एक उदाहरण आहे. 1967 साली कपूर, राव आणि विश्वनाथ ह्यांनी दाखविले की, लिंबूवर्गीय झाडांना हळूहळू मारणारा 'ग्रीनिंग' हा रोग भारतात सिट्रस सिल्ला हा किडा नेतो. मोसंबीच्या बागा असलेल्या मराठवाड्याला ही गोष्ट महत्त्वाची होती. त्या वेळी ह्या रोगाचा कारक विषाणूच समजला जात असे. 1970 साली फ्रान्समध्ये लाफ्लेश आणि बोव्हे ह्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला नाही. जंतूसारखे काहीतरी दिसले, आणि पुढे तो जंतूच ठरला. कारकाविषयीची समजूत बदलली; पण किडा नेतो हा निष्कर्ष जसाच्या तसा उभा राहिला, कारण तो पिंजऱ्यातल्या तुलनेच्या रोपांवर उभा होता. आमच्या काही मित्रांना वाटते की, शास्त्र आज एक सांगते आणि उद्या दुसरे, मग विश्वास कशावर ठेवावा? त्यांनी हे उदाहरण नीट वाचावे. कोणते विधान कशावर उभे आहे हे पाहिले की, कोणते बदलेल आणि कोणते बदलणार नाही ह्याचा अंदाज येतो.

आता नुकसानीचा हिशेब. पेरणीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत रोग लागला तर त्या झाडाचे उत्पन्न 95 ते 100 टक्के जाते. सगळ्या देशाचे वार्षिक नुकसान 2 लाख 5 हजार टन तुरीचे, असा अंदाज 1984 साली प्रसिद्ध झाला. हा हिशेब शेतमालकाच्या खळ्यापर्यंत येऊन थांबतो. माझी आई दुसऱ्याच्या शेतात राबली. तूर कापून नेल्यावर रानात पडलेल्या शेंगा वेचायच्या, म्हणजे सरवा, हा भूमिहीनांचा रिवाज. पौष-माघात आमच्या घरात जी डाळ शिजे ती सरव्याची. ज्या वर्षी झाडे नुसती हिरवी राहिली त्या वर्षी सरवा नव्हता. नुसत्या तुराट्या मिळाल्या, कुडाला आणि चुलीला. दोन लाख टनांत आमचा पायलीभर सरवा कुणी धरला नसणार, आणि धरताही आला नसता. पण रोग कुणाच्या ताटापर्यंत पोचतो हे ठरविताना सातबारावर नाव नसलेल्या माणसाचे ताटही मोजावे लागेल. भूमिहीनांच्या सत्याग्रहात 1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली जे लोक तुरुंगात गेले त्यांची मागणी पडीक जमिनीची होती. त्यांतल्या कित्येकांच्या नातवंडांकडे आज गायरानाचा एखादा एकर आहे. त्या एकरात पेरायला बियाणे कोणते घ्यावे हा प्रश्न आता आपलाच आहे.

वाणाचा प्रश्न एवढ्याने संपत नाही. विषाणूवर औषध नाही म्हटल्यावर शेतकरी त्याच्या वाहकावर, माशीवर, माव्यावर फवारतो. पाठीवर पंप कुणाच्या असतो? पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. वर्तमानपत्रांनी काही आठवडे लिहिले आणि मग थांबले. रोगाला तोंड देणारा वाण म्हणजे जी फवारणी करावी लागत नाही ती फवारणी. म्हणून वनस्पतिविषाणूंचे संशोधन हा बागाईतदाराच्या नफ्याचा विषय आहे असे जे आपल्यातले काहीजण समजतात ते मला मान्य नाही. त्याचा पहिला लाभ पंप पाठीवर घेणाऱ्याला व्हावयास हवा. तो तसा होतो की नाही, हे संशोधनाची दिशा कोण ठरवितो ह्यावर अवलंबून आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय काढले तेव्हा ते केवळ कला शाखेचे काढले नाही, विज्ञानही ठेवले. त्या काळी मराठवाड्यात विज्ञान शिकावयास जागाच फारशी नव्हती. त्या महाविद्यालयाने आपल्याला लेखक दिले, कवी दिले, वकील आणि अधिकारी दिले. संशोधक किती दिले हे आपण एकदा मोजून पाहावे. आपल्या मुलांचा ओढा नोकरीच्या परीक्षांकडे आहे आणि तो मी समजू शकतो. विषाणूवर काम करावयाचे म्हणजे पाच-सहा वर्षे हरितगृहात रोपे मोजीत बसणे. घरी पैशांची वाट पाहत असलेले आईवडील असतील तर ते परवडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2005-06 पासून अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांना राजीव गांधी अधिछात्रवृत्ती सुरू केली तेव्हा काहींना तो श्वास मिळाला. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे हप्ते महिनोन्महिने रखडले आणि प्रयोगाची रोपे मात्र दर आठवड्याला पाणी मागत राहिली. त्याने ती जगविली. कशी, हे त्याने मला सांगितले नाही.

तुरीच्या विषाणूविषयी अजून बरेच काम शिल्लक आहे. त्याची रूपे जागोजाग वेगळी आहेत. बंगळूरकडचे रूप पाटणचेरूच्या रूपापेक्षा अधिक जहाल आहे, आणि एका ठिकाणी तग धरलेला वाण दुसऱ्या ठिकाणी पडतो. म्हणून एका केंद्रावरचा निकाल सगळीकडे लागू करता येत नाही. कोळी तुरीशिवाय फारसा कुठे जगत नाही. उन्हाळ्यात तो बांधावरच्या, परसातल्या, कापून पुन्हा फुटलेल्या जुन्या तुरीवर राहतो, आणि मृगात नवी तूर उगवली की वाऱ्यावर तिकडे जातो. तेव्हा ही जुनी खुंटे मे महिन्यातच मुळासकट काढावीत, आणि नव्या तुरीत महिन्या-दीड महिन्याच्या आत चट्ट्याची रोपे दिसली तर ती उपटून शेताबाहेर न्यावीत. ती प्रथम दिसतात निंदणाऱ्या बाईला, कारण पानाच्या इतक्या जवळ दुसऱ्या कुणाचे डोळे जातच नाहीत. दहा पट मोठे दाखविणारे भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळते. पान उलटे करून, उन्हाकडे पाठ करून, शिरेच्या कडेने पाहावे. पांढुरके, गाजराच्या आकाराचे, हळू सरकणारे काही दिसले तर तोच तो कोळी.